पुण्यात लिहिलेला कोड लिनक्समध्ये पोहोचायला नऊ वर्षं का लागली? ‘पोर्टिंग’ म्हणजे नेमकं काय?

लिनक्स या मोफत आणि खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड कुणीही उघडून बघू शकतं. त्यात ‘आर्च’ नावाचं एक फोल्डर आहे आणि त्याच्या आत ‘आर्क’ नावाचं आणखी एक. यातल्या बऱ्याच फाइल्सच्या डोक्यावर, कॉपीराइटच्या ओळींखाली, एक छोटी नोंद दिसते. काही अभियंत्यांची नावं, त्यापुढे ‘कोडिटो टेक्नॉलॉजीज’ आणि २००४ हे साल. कोडिटो ही पुण्यातली छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. नावांमधली काही आडनावं अस्सल मराठी आहेत.

हा कोड ज्या प्रोसेसरसाठी होता, त्याचा सपोर्ट अधिकृत लिनक्समध्ये आला एप्रिल २०१३ मध्ये, ३.९ या आवृत्तीत. म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी. एखादी ऑपरेटिंग सिस्टीम नव्या प्रोसेसरवर चालवायला एवढा वेळ का लागतो? आणि आपल्या हातातला फोन किंवा घरातला जुना कॉम्प्युटर यांचा त्याच्याशी काय संबंध?

आधी पोर्टिंग समजून घेऊ

खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ साजगाव आहे. कार्तिकी एकादशीला तिथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. विठ्ठलाची यात्रा, आणि बाजार मात्र सुक्या मासळीचा. देवाचं नावच त्यावरून पडलंय.

आता समजा, या यात्रेत दुकान लावणाऱ्याला पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावच्या जत्रेला जायचंय. माल तोच, तराजू तोच, भाव सांगायची पद्धतही तीच. पण जमीन वेगळी. इथे मातीत खुंट सहज गेला, तिथे खाली कातळ. इथे वीज मागच्या खांबावरून मिळाली, तिथे जनरेटरवरून घ्यावी लागणार. दुकानाचा बहुतेक भाग जसाच्या तसा उचलता येतो. पण खुंट, दोऱ्या आणि विजेची जोडणी दर वेळी नव्याने करावी लागते, आणि ती नीट झाली नाही तर मांडवच उभा राहत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमचंही असंच आहे. फाइल कशी साठवायची, नेटवर्कवर माहिती कशी पाठवायची, कोणत्या ॲपला आधी वेळ द्यायचा, हा सगळा भाग सी भाषेत लिहिलेला असतो आणि कोणत्याही प्रोसेसरवर सारखाच असतो. पण प्रत्येक प्रोसेसरची आज्ञा समजण्याची भाषा वेगळी असते. इंटेल आणि एएमडीच्या कॉम्प्युटर चिपची एक, फोनमधल्या आर्म चिपची दुसरी. या भाषेला ‘इन्स्ट्रक्शन सेट’ म्हणतात, आणि त्या भाषेभोवती उभ्या राहिलेल्या प्रोसेसरच्या घराण्याला ‘आर्किटेक्चर’. एका घराण्यासाठी लिहिलेली सिस्टीम दुसऱ्या घराण्यावर चालती करणं म्हणजे पोर्टिंग.

‘आर्च’ फोल्डरमध्ये असतात त्या फक्त खुंट, दोऱ्या आणि विजेच्या जोडण्या.

ही कल्पना आली कुठून?

एके काळी ऑपरेटिंग सिस्टीम थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहीत. मशीन बदललं की सगळं पहिल्यापासून. बेल लॅब्जमध्ये १९७३ मध्ये युनिक्स सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि वाट मोकळी झाली. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात ती इंटरडेटा कंपनीच्या मशीनवर चालवून दाखवली गेली. त्यानंतर बेल लॅब्जनेही इंटरडेटाच्याच दुसऱ्या मॉडेलवर तेच केलं.

गंमत म्हणजे, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची घोषणा केली तेव्हा ही सिस्टीम दुसरीकडे नेता येण्यासारखी नाही, असंच त्याने सांगितलं होतं. ती इंटेलच्या ३८६ चिपला घट्ट चिकटलेली होती. पुढे डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या जॉन ‘मॅडडॉग’ हॉल यांनी त्याला आल्फा प्रोसेसरचं मशीन मिळवून दिलं. त्यावर लिनक्स नेताना टोरवाल्ड्सला आपल्या कोडची मांडणीच बदलावी लागली. मशीनशी बांधलेला भाग एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत आल्फा, स्पार्क आणि मिप्स ही घराणी आली. आज सुपरकॉम्प्युटरपासून वायफायच्या डब्यापर्यंत लिनक्स सगळीकडे दिसतं, त्याची सुरुवात या फेरमांडणीत आहे.

काम नेमकं काय असतं?

पहिली अडचण कोंबडी आधी की अंडं अशी असते. नव्या प्रोसेसरवर काहीच चालत नाही, त्यामुळे त्यावर बसून प्रोग्रॅमही लिहिता येत नाही. म्हणून आधी साध्या कॉम्प्युटरवर असा कंपायलर तयार करतात, जो नव्या प्रोसेसरच्या भाषेत कोड बनवून देईल. चिप कारखान्यातून यायचीच असेल, तर तिची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरतात. बऱ्याचदा चिप हातात पडायच्या आधीच लिनक्स त्या नकलेवर सुरू झालेलं असतं.

मग येतो असेंब्लीतला कोड. वीज सुरू होताच प्रोसेसर पहिली आज्ञा कुठून उचलणार? एका प्रोग्रॅमचं काम मध्येच थांबवून दुसऱ्याला वेळ देताना पहिल्याची अर्धवट अवस्था कुठे जपून ठेवायची? कीबोर्डचं बटण दाबलं, नेटवर्कवरून काही आलं, तर चालू काम सोडून तिकडे कसं वळायचं? प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचा आपापला तुकडा मिळावा आणि एकाने दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, यासाठी पत्त्यांचे तक्ते कसे भरायचे? दर घराण्यात या प्रश्नांची उत्तरं वेगळी असतात. कोडिटोची २००४ ची नोंद आहे ती नेमक्या अशाच फाइल्सवर: मशीन सुरू होताना चालणारी, प्रोग्रॅमची अदलाबदल करणारी, मेमरीचे पत्ते जुळवणारी. मांडवाचे मुख्य खुंटच म्हणा.

आणखी एक अडचण मराठी माणसाला पटकन समजेल अशी आहे. २५ हा आकडा आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी, वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. किंमत एकच, क्रम उलटा. प्रोसेसरमध्येही असे दोन पंथ आहेत. इंटेलची चिप मोठ्या संख्येचा लहान भाग आधी ठेवते, स्पार्क घराण्याची चिप मोठा भाग आधी. एका पंथासाठी लिहिलेला बेसावध कोड दुसऱ्यावर नेला की आकड्यांची उलटापालट होते. युनिक्सच्या सुरुवातीच्या पोर्टिंगच्या काळातला एक किस्सा प्रसिद्ध आहे: स्क्रीनवर ‘युनिक्स’ छापायला सांगितलं, तर अक्षरांच्या जोड्या उलटून ‘नुक्सी’ उमटलं. या चुकीला आजही तेच नाव आहे.

चुका शोधणं हा तर वेगळाच ताप. साध्या ॲपमध्ये गडबड झाली तर ऑपरेटिंग सिस्टीम निदान काय चुकलं ते सांगते. इथे ऑपरेटिंग सिस्टीमच पडलेली असते. स्क्रीन काळी, आवाज नाही, काहीच नाही. अशा वेळी दोन कॉम्प्युटर केबलने जोडून एकावरून दुसऱ्याच्या कर्नलच्या पोटात पाहण्याची सोय लागते. केजीडीबी हे त्याचं साधन. ते अनेक वर्षं पुढे नेणाऱ्यांमध्ये अमित काळे यांचं नाव ठळक आहे, आणि त्यांची लिनसिससॉफ्ट ही कंपनीही पुण्याचीच. केजीडीबी अधिकृत लिनक्समध्ये आलं २००८ मध्ये. तिथेही वाट बरीच पाहावी लागली.

आर्क प्रोसेसर काय आहे?

या घराण्याचा उगम व्हिडिओ गेममध्ये आहे. ब्रिटनच्या आर्गोनॉट या गेम कंपनीने निन्टेंडोसाठी ‘सुपर एफएक्स’ नावाची चिप बनवली. १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’ गेमच्या कार्ट्रिजमध्ये ती बसवलेली होती आणि तिच्यामुळे साध्या टीव्हीवर त्रिमितीत उडणारी विमानं दिसली. त्याच कामातून ‘आर्गोनॉट रिस्क कोअर’, म्हणजे आर्क, जन्माला आला.

तुम्ही दुकानात जाऊन आर्क प्रोसेसरचा कॉम्प्युटर मागितलात तर मिळणार नाही. तो दुसऱ्या चिपच्या आत लपलेला असतो. इंटेलच्या अनेक वर्षांच्या चिपसेटमध्ये मुख्य प्रोसेसरव्यतिरिक्त एक छोटा देखरेख करणारा प्रोसेसर असायचा, तो बराच काळ आर्कच होता. कोट्यवधी लोकांनी आर्क वापरला आणि त्यांना पत्ताही नव्हता.

मग नऊ वर्षं का?

कोड लिहून होणं आणि तो अधिकृत लिनक्समध्ये घेतला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी आपल्या ग्राहकाला लिनक्सची एक प्रत बदलून देते, ग्राहकाचं उपकरण चालतं, काम संपतं. बहुतेक कंपन्या इथेच थांबतात. पण मूळ लिनक्स दर दोन-अडीच महिन्यांनी पुढे जातं. आतल्या फंक्शनची नावं बदलतात, पद्धती बदलतात. बाहेर ठेवलेली प्रत जुळवून घेण्यासाठी दर वेळी मेहनत करावी लागते, आणि एक-दोन वर्षं दुर्लक्ष झालं की दरी वाढत जाते.

दरम्यान आर्कची मालकीही फिरत राहिली. २००९ मध्ये व्हिराज लॉजिकने ही कंपनी घेतली आणि २०१० मध्ये व्हिराजलाच सिनॉप्सिसने विकत घेतलं. सिनॉप्सिसमध्ये विनीत गुप्ता यांनी हे पोर्ट नीट करून मूळ लिनक्समध्ये न्यायचं काम हाती घेतलं. २०१२ च्या अखेरीस त्यांनी कोडचा गठ्ठा तपासणीसाठी जाहीर केला.

नव्या आर्किटेक्चरची तपासणी कडक असते. त्यात आर्ण्ड बर्गमन यांच्यासारखे अनुभवी लोक असतात. त्यांचा पहिला प्रश्न साधारण असा असतो: हे काम करणारा सामायिक कोड आधीच असताना तुम्ही वेगळा का लिहिलाय? जुन्या पोर्टमध्ये दुसऱ्या घराण्याच्या फाइल्स उचलून थोडे बदल करून ठेवण्याची सवय असते. तसं असलेलं सगळं काढावं लागतं, सामायिक कोड वापरावा लागतो. ‘आर्च’ फोल्डर जितकं लहान, तितकी पुढची डोकेदुखी कमी, हा त्यामागचा हिशोब. अनेक फेऱ्यांनंतर २०१३ मध्ये आर्क आत आला. पुण्यातल्या अभियंत्यांच्या नावांच्या ओळी कोडसोबत तशाच राहिल्या, हे या पद्धतीचं कौतुक करावं असं वैशिष्ट्य. एरवी सर्व्हिस कंपनीत काम करणाऱ्या इंजिनीअरचं नाव ग्राहकाच्या उत्पादनावर कुठे दिसतं?

पण कर्नल आला म्हणजे सगळं आलं असं नाही. त्यावर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला सी लायब्ररी लागते. मोठ्या लिनक्स वितरणांमध्ये वापरली जाणारी जीलिबसी आर्कसाठी अधिकृतपणे उपलब्ध झाली ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे कर्नलनंतर आणखी सात वर्षं! तोपर्यंत छोट्या उपकरणांसाठीच्या हलक्या लायब्ररीवर भागवावं लागत होतं.

आत आलेलं बाहेरही जातं

३.९ या त्याच आवृत्तीत आर्कबरोबर आणखी एक घराणं लिनक्समध्ये आलं होतं. ब्रिटनच्याच इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचं ‘मेटा’. डिजिटल रेडिओसारख्या उपकरणांत ते होतं. तीच मेहनत, तीच तपासणी, तेच साल. पुढे कंपनीचं लक्ष दुसरीकडे गेलं, नव्या चिप्स थांबल्या, आणि २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीत मेटा काढून टाकलं गेलं. ते काढण्याचा प्रस्ताव देणारे जेम्स होगन हेच ते सांभाळणारे होते. त्या एका आवृत्तीत मेटासह आठ घराणी गेली, लाखो ओळींचा कोड एका फटक्यात कमी झाला.

इंटेलचं ज्यावर भलंमोठं भांडवल लागलं होतं ते इटॅनियमही जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत बाहेर पडलं. आणि लिनक्स ज्या ३८६ चिपवर जन्मलं, तिचा सपोर्ट तर २०१३ च्या सुरुवातीलाच, ३.८ मध्ये संपला होता. भावनेला इथे फारशी जागा नाही. वापरणारे आणि सांभाळणारे दोन्ही संपले की कोड जातो, कारण त्याचं ओझं बाकीच्यांना वाहावं लागतं.

पवईचा ‘अजित’ आणि मद्रासचा ‘शक्ती’

स्वतःची चिप बनवणाऱ्या देशासाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. चिप उत्तम असली, पण तिच्यावर कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टीम नसेल, तर ती शोभेची वस्तू ठरते.

आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने ‘अजित’ नावाचा प्रोसेसर बनवला. २०१९ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. चंदीगडजवळच्या मोहालीतल्या सरकारी सेमिकंडक्टर लॅबमध्ये १८० नॅनोमीटर तंत्राने ही चिप तयार झाली. फोनच्या चिपशी तुलना करू नये, तो तिचा उद्देशच नाही. महत्त्वाचा आहे तो निर्णय: देसाईंच्या गटाने इन्स्ट्रक्शन सेट नव्याने शोधला नाही, स्पार्क व्ही८ हा जुना, खुला असलेला सेट घेतला. चिपची आतली रचना आपली, पण तिला समजणारी भाषा जगाला माहीत असलेली. त्यामुळे त्या भाषेसाठी आधीच तयार असलेल्या कंपायलरचा पाया आयता मिळतो.

आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पाने रिस्क-व्ही हा खुला इन्स्ट्रक्शन सेट निवडला. २०१८ मध्ये त्यांच्या ‘राइजक्रीक’ चिपवर लिनक्स सुरू झालं. त्याच वर्षी जानेवारीत लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीत रिस्क-व्हीचा अधिकृत सपोर्ट येऊन पोहोचला होता. सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसरही रिस्क-व्हीचेच आहेत. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असलं, तरी वेगाचं काम तिरुवनंतपुरमच्या केंद्रात चालतं.

रिस्क-व्ही वापरायला कुणाला परवाना फी द्यावी लागत नाही, आणि एका देशाने केलेलं पोर्टिंग दुसऱ्याला फुकट मिळतं. म्हणूनच छोट्या खासगी घराण्यांचं दिवसेंदिवस अवघड होतंय. खुद्द सिनॉप्सिसने २०२३ मध्ये ‘आर्क-व्ही’ ही नवी मालिका जाहीर केली. नाव आर्कचं, आज्ञांची भाषा मात्र रिस्क-व्हीची.

आपल्या फोनचं आणि जुन्या पीसीचं काय?

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. फोनला तीन-चार वर्षांनी अपडेट का येत नाहीत, याचं एक मोठं कारण वरच्या गोष्टीत आहे. चिप बनवणारी कंपनी लिनक्सची एक प्रत घेते, त्यात आपले ड्रायव्हर घालते आणि ते मूळ लिनक्समध्ये परत देत नाही. पुढची आवृत्ती आली की ते ड्रायव्हर पुन्हा जुळवावे लागतात. फोन विकून झालेला असतो, मग त्यावर खर्च कोण करणार? हार्डवेअर धडधाकट असतं, पण फोन बाद होतो.

जुन्या पीसीचं गणित थोडं वेगळं. अनेक दुकानांत, क्लासमध्ये, घरांत पंधरा-वीस वर्षांचे पीसी अजून आहेत आणि त्यावर हलकं लिनक्स टाकून वापरणारेही आहेत. अशांसाठी एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. डेबियन या लोकप्रिय वितरणाची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिने रिस्क-व्हीला पहिल्यांदा अधिकृत यादीत घेतलं, आणि त्याच वेळी ३२-बिट इंटेल पीसीवर थेट इन्स्टॉल करण्याची सोय बंद केली. अशा पीसीला डेबियन १२ वर थांबावं लागेल. त्याचे सुरक्षा अपडेट जून २०२८ पर्यंत चालू राहणार आहेत.

पण पीसी भंगारात द्यायच्या आधी एक गोष्ट तपासा. त्या काळात प्रोसेसर ६४-बिट आणि त्यावर टाकलेली विंडोज ३२-बिट, असं सर्रास असायचं. कोअर टू ड्युओच्या बहुतेक पीसींची हीच अवस्था आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाउट’ उघडा. तिथे ‘६४-बिट ऑपरेटिंग सिस्टीम’ असं दिसलं तर प्रश्नच नाही. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, ६४-बिट प्रोसेसर’ असं दिसलं, तरी नवं ६४-बिट लिनक्स त्यावर चालेल. फक्त रॅम किमान दोन जीबी असलेली बरी. सुरुवातीचे पेंटियम फोर आणि २००८-०९ च्या सुमाराचे छोटे ॲटम नेटबुक मात्र बरेचसे खरोखर ३२-बिट आहेत. त्यांच्यासाठी डेबियन १२ हाच सध्या शहाणा पर्याय.